पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवानंतर नोकरी बदलताना : कोल्हापूर परिसरातील मंडळींसाठी धागा

उद्यमनगरी (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात पंधरा-वीस वर्षे काढलेली अनेक माणसे सध्या नोकरी बदलण्याच्या विचारात आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांनी शेवटची मुलाखत दिली तेव्हा मोबाईलवर इंटरनेट फारसे कोणी वापरत नव्हते. मी कास्टिंग (धातूचे ओतकाम) आणि मशीनिंग करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो आणि वरिष्ठ पदांच्या मुलाखती घेणाऱ्यांमध्ये बसतो. कामात अतिशय तयार असलेली माणसे केवळ स्वतःचे काम नीट मांडता न आल्यामुळे मागे पडतात, हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट बायोडेटाची. आपल्याकडील अनुभवी माणसाचा बायोडेटा म्हणजे बहुधा जबाबदाऱ्यांची यादी असते : मेल्टिंग विभाग पाहिला, मोल्डिंग लाईन पाहिली, ग्राहकांच्या ऑडिटला सामोरे गेलो. ही यादी त्या पदावरच्या कोणाही माणसाला लागू पडते, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याला तुमच्याविषयी त्यातून काहीच कळत नाही. त्याला कोणत्या ना कोणत्या अडचणीने घेरलेले असते. रिजेक्शन (सदोष म्हणून बाद होणारा माल) वाढलेले असते, ग्राहकाच्या तक्रारी येत असतात, वीजबिल हाताबाहेर जात असते किंवा नव्या पार्टचे डेव्हलपमेंट रखडलेले असते. अशी अडचण तुम्ही पूर्वी दूर केली आहे का, आणि केली असेल तर नेमकी कशी, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

त्यामुळे 'मेल्टिंग विभागाची जबाबदारी' या ओळीच्या जागी असे लिहा : इंडक्शन फर्नेसचा प्रतिटन वीजवापर आधी किती युनिट होता, तुम्ही चार्ज मिक्समध्ये (भट्टीत टाकायच्या धातूच्या मिश्रणात), झाकण बंद ठेवण्याच्या शिस्तीत किंवा पोअरिंगच्या वेळापत्रकात काय बदल केला आणि त्यानंतर तो किती युनिटवर आला. ब्लो होलमुळे (वायू अडकून पडणाऱ्या पोकळीमुळे) होणारे रिजेक्शन कमी केले असेल, तर वाळूतील ओलावा आणि परमिॲबिलिटी (वाळूतून वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) यांच्या नोंदी कशा लावल्या, कारण कसे सापडले आणि ते सापडल्यावर सुधारणा किती महिने टिकली, हे दोन ओळींत येऊ द्या. ती टिकली का, हा प्रश्न मी प्रत्येक मुलाखतीत विचारतो, कारण एका महिन्यापुरते रिजेक्शन खाली आणणारे बरेच भेटतात.

आकडे आठवत नसतील तर जुन्या नोंदवह्या आठवून, त्या वेळच्या सहकाऱ्यांना विचारून स्वतःची एक वही तयार करा. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकाचे अहवाल किंवा किमतीची पत्रके मात्र पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडू नका. तो विश्वासाचा आणि कराराचाही भंग आहे, आणि मुलाखतीत असे कागद पुढे करणाऱ्या माणसाला मी तरी घेणार नाही. जो आज त्यांचे कागद आणतो, तो उद्या आमचे कागद नेईल.

बायोडेटा दोन पानांचा पुरे. दहावी-बारावीचे गुण, वडिलांचा व्यवसाय, छंद यांना या वयात त्यात जागा नको. शेवटच्या दहा वर्षांचे काम सविस्तर, त्याआधीचे चार ओळींत. आयएटीएफ १६९४९, व्हीडीए ६.३ यांसारख्या वाहन उद्योगातील गुणवत्ता-मानकांचा उल्लेख करत असाल, तर ऑडिटमध्ये तुमची भूमिका कोणती होती ते लिहा. प्रशिक्षणाला बसलो होतो आणि ऑडिट पेलले, यांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट शोधाची. नोकरीच्या पोर्टलवर नाव नोंदवणे आवश्यक आहे, परंतु वरिष्ठ जागांची बातमी आधी माणसांकडे पोहोचते. तुमच्या कारखान्यात येणारा मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर, टूलिंगचा पुरवठादार, बाहेरचा ऑडिटर आणि ग्राहकाकडील गुणवत्ता अधिकारी या चौघांनी तुमचे काम अडचणीच्या वेळी पाहिलेले असते, आणि ते रोज दहा ठिकाणी जातात. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन या संस्थेच्या कोल्हापूर शाखेचे, तसेच स्मॅक आणि गोशिमा या उद्योजक संघटनांचे कार्यक्रम होत असतात. तिथे नोकरी मागू नका, कामावर बोला. आणि एक सावधगिरी. आपल्या औद्योगिक वसाहती लहान आहेत, सकाळी शिरोलीत बोललेले संध्याकाळी गोकुळ शिरगावात पोहोचते. म्हणून कंपनीच्या ईमेलवरून अर्ज करू नये आणि सुरुवातीला एक-दोन विश्वासाच्या माणसांपलीकडे वाच्यता करू नये.

पुढचे प्रश्न प्रतिसादांत घेऊ.

राजारामपुरी

सर, अतिशय उपयुक्त लेखन. मी इचलकरंजीतील एका वस्त्रोद्योग घटकात लेखा विभागात आहे. पद 'अकौंटंट' एवढेच आहे, परंतु प्रत्यक्षात बँकेपासून ऑडिटपर्यंत सर्व काही पाहते. आमच्या कामात रिजेक्शन किंवा वीजवापर यांसारखे आकडे नसतात. मग अनुभव कसा मांडावा? शिवाय छोट्या पदनामामुळे मोठ्या कंपन्या अर्ज बाजूला ठेवतात, त्याचे काय करावे?

उद्यमनगरी

ताई, आकडे तुमच्याकडेही भरपूर आहेत, फक्त ते रोजचे झाल्यामुळे डोळ्यांआड गेले आहेत. महिना संपल्यावर हिशेब बंद व्हायला पूर्वी किती दिवस लागत आणि आता किती लागतात? कॅश क्रेडिटची (बँकेकडील खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा किती रकमेची आहे, तिच्या नूतनीकरणाची कागदपत्रे आणि दरमहाचे स्टॉक स्टेटमेंट कोण तयार करते? येणे असलेली रक्कम सरासरी किती दिवसांत वसूल होते? १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा तुमच्या घटकाचे व्यवहार नव्या पद्धतीत तुम्हीच आणले असतील, तर तो मोठा अनुभव आहे आणि बायोडेटात तो ठळकपणे यायला हवा. पुरवठादारांची विवरणपत्रे जुळवून अडकलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळवले असेल, तर त्याचा एकूण आवाका लिहा.

पदनाम बदलून लिहू नका, कारण पडताळणीत ते उघडे पडते. पदनामाखाली एक ओळ लिहा : घटकाची वार्षिक उलाढाल अमुक, हाताखाली इतकी माणसे, थेट मालकांना अहवाल. इचलकरंजीतील यंत्रमाग आणि प्रोसेसिंगचा व्यवहार जाणणाऱ्याला या ओळीवरून कामाचे वजन लगेच कळते, आणि न जाणणाऱ्यालाही उलाढालीवरून अंदाज येतो.

कागलवाट

मी चाकणच्या एका कंपनीत मुलाखतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचलो आहे. सांगितलेला वार्षिक आकडा सध्याच्या पगाराच्या जवळपास दीडपट आहे, तरी घरात एकमत होत नाही. आई-वडील कोल्हापुरात आहेत आणि मुलगी नववीत आहे. इथल्या जाणकारांनी हिशेब कसा केला हे वाचायला आवडेल.

पंचगंगाकाठ

मी मनुष्यबळ विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम तो वार्षिक आकडा फोडून मागा. त्यात कंपनीकडून भरला जाणारा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद (मूळ पगाराच्या सुमारे ४.८१ टक्के), समूह आरोग्य विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असणारी रक्कम, हे सर्व धरलेले असते. यांपैकी दरमहा बँकेत काय जमा होणार, हे एचआरकडून लेखी घ्या. कामगिरीवरची रक्कम गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिली गेली, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. सध्याच्या पगाराचाही याच पद्धतीने हिशेब मांडा आणि मग दोन्ही समोरासमोर ठेवा. दीडपट दिसणारा आकडा हातात पडताना पुष्कळदा बराच आखडलेला असतो.

यानंतर पुण्याचे घरभाडे, मुलीच्या शाळेचा खर्च, आणि कुटुंब इथेच राहणार असेल तर दोन चुली चालवण्याचा खर्च. कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर आहे आणि चाकण पुण्याच्याही पलीकडे. शनिवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परतण्याचा क्रम काही महिने निभावतो, पण वर्षानुवर्षे निभावणे अवघड होते. मुलगी नववीत आहे, म्हणजे पुढचे वर्ष दहावीचे. माझे स्पष्ट मत असे की या वर्षी तिची शाळा हलवू नये. तुम्ही एकटे जाणार असाल तर दहावी होईपर्यंतचा काळ ठरवून घ्या, आणि त्यानंतर सर्वांनी जायचे की तुम्ही परतायचे, याचा निर्णय आताच घरात बोलून ठेवा. आई-वडिलांच्या औषधपाण्याची, रात्री-अपरात्री दवाखान्यात नेण्याची जबाबदारी कोणाची, हेही नाव घेऊन ठरले पाहिजे. 'बघू तेव्हाचे तेव्हा' असे म्हणून निघालेल्या घरांत तो भार न बोलता पत्नीवर पडतो, हे मी नोकरीत असताना अनेकदा पाहिले आहे.

पुण्याखेरीज बेळगावचाही विचार करा. तिथे फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचा व्यवसाय जुना आहे आणि अंतर पुण्याच्या निम्म्याच्या आसपास आहे.

कागलवाट

मनापासून आभार, काका. पत्नीशी आणि वडिलांशी आज रात्रीच सविस्तर बोलतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटीबद्दलही लिहाल का? माझी इथली सेवा बारा वर्षांची आहे.

पंचगंगाकाठ

ग्रॅच्युइटीचे सूत्र १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेले आहे : शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. समजा ही रक्कम दरमहा ४०,००० रुपये असेल, तर बारा वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे २,७६,९०० रुपये होते. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरले जाते, म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवताना रुजू झाल्याची तारीख समोर ठेवा. दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने एका वर्षाची रक्कम जाऊ शकते. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण होण्याआधी राजीनामा दिल्यास हा हक्क सर्वसाधारणपणे मिळत नाही, तेव्हा साडेचार वर्षे झालेल्यांनी विशेष विचार करावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे, आणि वेतनाची व्याख्याही बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. जिथे मूळ पगार मुद्दाम कमी दाखवला जात असे, तिथल्या लोकांच्या ग्रॅच्युइटीवर याचा परिणाम होतो. म्हणून अंतिम हिशेबाचा कागद कोणत्या आधारावर काढला आहे, हे विचारून घ्या.

भविष्यनिर्वाह निधी काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. यूएएन, म्हणजे निधीचा तुमचा कायम क्रमांक, तोच राहतो, त्याखालचे सभासद खाते बदलते. वर्ग केल्याने सेवा सलग धरली जाते. पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा झाल्यावर ५८ व्या वर्षी मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. सात-आठ वर्षांवर नोकरी सोडून पैसे काढून घेणारी माणसे ही सेवा शून्यावर आणून ठेवतात. शिवाय एकूण सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असताना निधी काढला तर ती रक्कम करपात्र होते.

राजीनामा देण्याआधीच भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर जाऊन तीन गोष्टी तपासा : आधारवरील आणि यूएएनमधील नाव अक्षरशः जुळते का, जन्मतारीख तीच आहे का, आणि वारसाची नोंद झालेली आहे का. आपल्याकडे आधारवर वडिलांचे नाव मधे असते आणि कंपनीच्या नोंदीत नसते, एवढ्यावरून अर्ज महिनोन्महिने अडकतात. नोकरीत असताना कंपनीकडून दुरुस्ती करून घेणे सोपे असते. सोडल्यानंतर नोकरी सोडल्याची तारीख तिथे चढली आहे ना, हेही पाहा. ती दोन महिने चढली नाही तर सभासदाला स्वतःही नोंदवता येते.

आरोग्य विमा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. समूह विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. दोन नोकऱ्यांमध्ये पंधरा दिवसांची जरी फट असली, तरी त्या पंधरा दिवसांत आई-वडिलांचे संरक्षण नसते. नव्या कंपनीचा विमा आई-वडिलांना घेतो का, तेही आधी विचारा. माझा सल्ला असा की कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच सुरू करावी, म्हणजे जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ नोकरीतच उलटून जातो.

रंकाळाकाठ

माझे वय ५१ आहे. मी इंजिनाचे भाग बनवणाऱ्या एका घटकात उत्पादन व्यवस्थापक होतो. त्या घटकाने उत्पादनाची लाईन बंद केली आणि मी मार्चपासून घरी आहे. मुलाखतीत वय आणि मधली रिकामी जागा हे दोनच प्रश्न येतात. सगळीकडे इलेक्ट्रिक गाड्यांचे नाव निघते, तेव्हा आपला अनुभव आता कालबाह्य झाला असे वाटू लागते.

उद्यमनगरी

साहेब, तुमचा अनुभव कालबाह्य झालेला नाही, हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. इलेक्ट्रिक मोटारीला सिलिंडर ब्लॉक आणि हेड लागत नाही हे खरे, पण कास्ट आयर्नची कामे केवळ मोटारीपुरती कधीच नव्हती. कोल्हापूरच्या फाउंड्रीची वाढच शेतीची ऑइल इंजिने आणि पंप यांच्यावर झाली. पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर, कॉम्प्रेसर, पवनचक्क्यांचे मोठे कास्टिंग, रेल्वेचे भाग, या सर्वांना धातू तोच, वाळू तीच आणि दोषही तेच. बदलतो तो भागाचा आकार, लॉटची संख्या आणि ग्राहकाची तपासणीची पद्धत. वाहन उद्योगात मोठ्या संख्येची शिस्त पाळलेला माणूस पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या कारखान्यात गेला, की तिथल्या वेळापत्रकात आणि नोंदींत काही महिन्यांत फरक दिसतो. मुलाखतीत हे स्वतःहून मांडा : तुमच्याकडे लॉट लहान आहेत, सेटिंग बदलायला वेळ जातो, तो मी अशा रीतीने कमी करीन. त्यासाठी जाण्यापूर्वी त्यांची उत्पादने, त्यांचे ग्राहक आणि शक्य असल्यास तिथे काम केलेला एखादा माणूस, यांच्याकडून माहिती घ्या.

रिकाम्या काळाबद्दल एका वाक्यात खरे सांगा : लाईन बंद झाली, त्यात माझे पद गेले. जुन्या मालकांविषयी कटू शब्द नको, तुमची बाजू शंभर टक्के बरोबर असली तरीही नको. आणि या काळात काय केले याला उत्तर हवे. कास्टिंग सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर शिकून घेतले, एखाद्या छोट्या फाउंड्रीला महिन्यातून काही दिवस मार्गदर्शन केले, असे काहीही चालेल, फक्त ते खरे असले पाहिजे. उद्यमनगर आणि शिरोलीत अशी कितीतरी लहान युनिट आहेत, ज्यांना पूर्णवेळ व्यवस्थापकाचा पगार झेपत नाही, पण ग्राहकाचे ऑडिट पार करायचे असते. त्यांच्याकडे सहा महिन्यांचे सल्ल्याचे काम घ्या. मोबदला, दिवस आणि कामाची व्याप्ती लेखी ठरवा. त्यात पीएफ किंवा विमा नसतो, हे धरूनच आकडा सांगा. अशा कामातून पूर्णवेळ जागा मिळालेली माणसे माझ्या ओळखीत आहेत.

वयाबद्दल एवढेच सांगतो. ५८ ला निवृत्ती धरली तरी तुमच्याकडे सात वर्षे आहेत. तिशीतला अभियंता एकाच ठिकाणी सात वर्षे टिकेल याची खात्री आज कोणताही मालक देऊ शकत नाही. तुम्ही ती देऊ शकता, आणि ते मुलाखतीत बोलून दाखवा. हाताखाली दोन माणसे तयार करून जाईन, असेही सांगा. आमच्यासारख्या कारखान्यांना त्या दोन माणसांची फार गरज आहे.

रंकाळाकाठ

सर, बऱ्याच दिवसांनी कोणीतरी माझ्या कामाविषयी बोलले. पंपाच्या एका कारखान्याची माहिती आजपासून काढायला घेतो.

राजारामपुरी

एक सूचना सर्वांसाठी. नोकरी शोधत असलेल्या माझ्या एका नातेवाइकांना मोठ्या कंपनीच्या नावाने नेमणूकपत्र आले आणि लॅपटॉपची अनामत म्हणून पैसे मागितले गेले. ईमेलचा पत्ता मोफत सेवेवरचा होता, त्यामुळे वेळीच संशय आला. कोणतीही खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. पत्र आल्यावर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील दूरध्वनीवर स्वतः फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी, कारण सुरुवातीच्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. शासनाच्या नॅशनल करिअर सर्व्हिस आणि महास्वयम या पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

कागलवाट

घरातले बोलणे झाले. दहावी होईपर्यंत मी एकटा जाणार, आणि वडिलांची जबाबदारी धाकट्या भावाने स्वतःहून घेतली. आता अडचण वेगळी आहे. माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे आणि चाकणची कंपनी एका महिन्यात रुजू व्हा म्हणते. राजीनामा आजच देऊन मोकळे व्हावे का?

उद्यमनगरी

देऊ नका. पगार, पद, कामाचे ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख असलेले लेखी ऑफर लेटर सहीसह हाती येईपर्यंत राजीनामा लिहूच नका. फोनवर सांगितलेल्या गोष्टी एचआरमधील माणूस बदलला की बदलतात.

नोटीसविषयी प्रथम तुमचे नेमणूकपत्र काढून वाचा. उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर मोकळे होण्याची तरतूद त्यात आहे का, आणि ती रक्कम मूळ पगारावर मोजायची की पूर्ण पगारावर, हे पाहा. तशी तरतूद असल्यास ती रक्कम नवी कंपनी भरून देईल का, हे चाकणला विचारा. पुष्कळ कंपन्या देतात, मात्र ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करून मिळते का, तेही आपल्या एचआरला विचारा. आणि चाकणला एका महिन्याऐवजी दोन महिन्यांची तारीख मागा. वरिष्ठ पदासाठी कंपन्या बहुधा एवढे थांबतात, कारण जो माणूस जुने काम अर्धवट टाकून येतो तो उद्या आपलेही टाकील, हे त्यांनाही कळते.

राजीनामा देतानाच हस्तांतराचा आराखडा साहेबांच्या हातात द्या : कोणते काम कोणाकडे जाईल, कोणत्या पार्टचे डेव्हलपमेंट कुठपर्यंत आले आहे, कोणत्या ग्राहकाशी काय बोलणे झाले आहे. असा कागद पाहिल्यावर लवकर सोडायला मालक तयार होतात. थांबा, पगार वाढवतो, असे ते म्हणतीलही. त्याचे उत्तर आज रात्रीच ठरवून ठेवा, कारण त्या खोलीत बारा वर्षांच्या ओळखीपुढे 'नाही' म्हणणे जड जाते. शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर, अनुभवपत्र, अंतिम हिशेब आणि चालू वर्षाच्या पगाराचा व कापलेल्या कराचा तपशील घ्या. हा शेवटचा कागद नव्या कंपनीला द्यायला विसरू नका, नाहीतर दोन्हीकडे करसवलती धरल्या जातात आणि मार्चअखेर एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

ऑफर लेटर आले की इथे कळवा. त्यातील कलमे पंचगंगाकाठ काका आणि मी तुमच्याबरोबर बसून वाचू.